डोळे मिटून ओळखायची चव

वहिनींनी त्याच्या टोपलीत डोकावून पाहिलं आणि त्या हसल्या. नुसत्या हसून पुढं गेल्या असत्या तर काही झालं नसतं. तो बिअरचे सहा डबे घेऊन घरी गेला असता, जावयाबरोबर जेवला असता आणि दुपारी जरा आडवा झाला असता. रविवारची सकाळ होती, अकराचा सुमार, दुकानात माणसं बेताचीच. बिअरच्या थंड कपाटासमोर तो चांगला दहा मिनिटं उभा होता. मुलीनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, बिअर तूच आण, तुला त्यातलं कळतं." कळतं म्हणजे काय, एके काळी कळायचं. आता डब्यांवरचे रंग बदलले होते, घोड्याच्या चित्राची नुसती आयाळ उरली होती, जहाजाचं शीड तेवढं राहिलं होतं. शेवटी त्यानं तीन जुन्या ओळखीच्या बिअर प्रत्येकी दोन अशा उचलल्या आणि वळला तर समोर वहिनी, सहा वर्षांपूर्वी वारलेल्या त्याच्या मित्राची बायको. हातात दोऱ्याच्या रिळांचं पाकीट. "कोणी येणार वाटतं?" त्यांनी विचारलं. "जावई," तो म्हणाला, आणि चोरी पकडल्यासारखी टोपली उगाच मागं घेतली. "अहो, लपवता काय? तुमच्या हातात बघून मला भीती नाही वाटत, भावजी. तुम्हाला थांबता येतं. हे नेहमी म्हणायचे, उस्तादांकडून सगळं शिकलो, थांबायचं तेवढं राहिलं." त्यांनी हे हसतच सांगितलं, सहा वर्षांत माणूस अशा गोष्टी हसत सांगायला शिकतो. मग त्याच्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही येत होतात म्हणून ते तीन महिने तरी निभावले. मी विसरले नाहीये ते." आणि गेल्या. साबणाच्या रांगेत वळताना त्यांची पाठ दिसली; जरा वाकली होती. पडदे शिवणाऱ्यांची वाकते तशी.

घर वीस मिनिटांवर होतं. पिशवी चालताना पोटरीला लागत होती आणि प्रत्येक वेळी एक गार ठिपका उठत होता. उस्ताद. हा शब्द त्याला त्या एकाच माणसानं दिला होता, आणि त्या माणसाबरोबर तो संपला असं त्यानं धरलं होतं. शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्याच्या प्रयोगशाळेत त्यानं पस्तीस वर्षं काढली. बाकीची मंडळी क्लोरीन मोजायची, गढूळपणा बघायची. त्याच्याकडं काम होतं वासाचं. तीन काचेच्या कुप्या, दोहोंत शुद्ध पाणी, एकीत टाकीचं. साठ अंशांपर्यंत गरम करायच्या, झाकण उघडायचं, डोळे मिटायचे आणि वेगळी कोणती ते सांगायचं. तासभर आधी चहा नाही, तंबाखू नाही, साबणानं हात धुवायचे नाहीत. हे यंत्राला जमत नाही, माणसाच्या नाकालाच जमतं, आणि चांगलं नाक दहा-वीस वर्षांत एखादं येतं. ते आलं एका सोमवारी. सव्वीस वर्षांचा, किडकिडीत, इस्त्रीचा सदरा घातलेला एक पोरगेला केमिस्ट. पहिल्याच दिवशी त्यानं तीन कुप्या हुंगून नुसती वेगळी कुपी दाखवली नाही, तर म्हणाला, "सर, ह्या टाकीला आतून नुकता रंग दिलाय का?" दिला होता, पाच आठवड्यांपूर्वी. त्या दुपारीच सगळ्यांनी त्याचं बारसं केलं. नाकोबा.

नाकोबानं तोवर दारूला बोट लावलेलं नव्हतं. कुणी ना कुणी त्या पोराला नाद लावलाच असता, असं तो स्वतःला पुष्कळदा सांगून बघतो. पण दुसऱ्या कुणी लावला नाही, त्यानं स्वतः लावला. शनिवारी अर्धा दिवस असे. पंपाच्या इमारतीसमोर एक ठेंगणा बार होता, दुपारी रिकामा, पंखे चालू आणि दिवे बंद. तिथं तो पूर्वी एकटा जायचा. दोन ग्लास, वर्तमानपत्र, घर. एका शनिवारी त्यानं नाकोबाला म्हटलं, "चल, तुझ्या नाकाची खरी परीक्षा घेऊ." तीन सारखे ग्लास मागवले, त्यात तीन साध्या बिअर ओतून घेतल्या आणि त्याला डोळे मिटायला लावले. "पहिला घोट लगेच गिळायचा नाही. जिभेवर धरायचा, नाकानं श्वास सोडायचा, मग गिळायचा." नाकोबानं तोंड वेडंवाकडं केलं. "कडू आहे हो, सर." "कडू तर आहेच. पण कसं कडू?" आणि इथं त्या पोराचा चेहरा जो बदलला, तो त्याला अजून दिसतो. कुणी तरी अंधाऱ्या खोलीत खिडकी उघडावी तसा. डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला, "हे आधी गोड लागतं. मग ओली किल्ली तोंडात धरल्यासारखं लागतं." ती घोडा. "ह्याचं कडू मागून येतं, घशाच्या मागं बसतं, आणि फेस जड आहे." ती जहाज. "आणि ह्याला काहीच चव नाही. बाकी दोन्ही ग्लास धुतलेलं पाणी." ती पिवळी, सगळ्यात खपणारी. तो टेबलावर हात आपटून हसला होता. इतकी वर्षं तो एकट्यानं जे चाखत होता त्याला शब्द सापडले होते, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून आले होते. त्याच दिवशी नाकोबा पहिल्यांदा त्याला उस्ताद म्हणाला.

पुढं कित्येक शनिवार. घोडा थंड असेपर्यंतच बरी. कोमट झाली की तिच्यातली किल्ली वर येते. जहाज उलट, जरा थंडी उतरली की उमलते. पिवळीच्या बाटल्या उन्हात उभ्या राहिल्या की त्यांना जळक्या केसांचा वास येतो. एकच बिअर बाटलीतली आणि पिंपातली वेगळी लागते. ह्या सगळ्यावर ते दोघं असं बोलायचे की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघत. त्यात त्याला केवढा मान वाटायचा! आपण पिणारे नाही, आपण पारखी. दोन ग्लास झाले की तो ग्लास पालथा घालायचा. हा त्याचा शिरस्ता, आणि खरं सांगायचं तर ही त्याची मिजास. "तुझे किती?" "हा तिसरा, उस्ताद." "बघ हं," असं म्हणायचा, आणि निघून जायचा. त्याला उशीर झालेला चालत नसे. बायको वाट बघायची. नाकोबा बसायचा. तिसऱ्याचे पाच झाले, शनिवारचे बुधवार-शनिवार झाले, मग रोज. मग बिअरनं भागेना. नाकोबाचं लग्न झालं, मुलगा झाला, आणि मुलगा शाळेत जायला लागेपर्यंत नाकोबाच्या पिशवीत सकाळी नऊ वाजता बाटली असायची, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही. नाकोबाच्या चाचण्या तो स्वतः करायचा आणि खाली नाकोबाची सही चालवून घ्यायचा. ह्याला तो मैत्री म्हणायचा. एका पावसाळ्यानंतर नाकोबानं मातकट वासाचं पाणी स्वच्छ म्हणून दाखवलं, आणि नेमका त्याचा उस्ताद त्या दिवशी रजेवर होता. सुदैवानं अपाय काही झाला नाही, नुसत्या तक्रारी आल्या. नाकोबाला भांडारात बसवलं, जिथं काचसामानाची खोकी उघडायची आणि बंद करायची. बदलीचा कागद घेऊन तो त्याच्याकडं आला तेव्हा रडला नाही. एवढंच म्हणाला, "उस्ताद, मला आता कशालाच वास येत नाही. काल मुलाच्या केसांना नाक लावून बघितलं. काही नाही."

घरी आल्यावर त्यानं डबे फ्रीजमध्ये लावले. बायकोनं विचारलं, "चेहरा का असा? चक्कर आली का?" तो म्हणाला, ऊन लागलं. जेवताना जावयानं तीन डबे टेबलावर ओळीनं मांडले आणि प्रत्येकातलं थोडं थोडं ओतलं. चांगला मुलगा आहे, मोकळा, मोठ्यानं हसणारा. "बाबा, मला तर तिन्ही सारख्याच लागतात. जाहिरातीचा फरक, दुसरं काय." मुलगी उसळून म्हणाली, "छट्! बाबा डोळे मिटून ओळखतो. आमच्या लहानपणी आमचा केवढा भाव होता त्यावर. बाबा, दाखव ना ह्याला!" "आता कुठलं जमतंय," तो म्हणाला. "बघू तर खरं!" आणि तिनं मागून येऊन दोन्ही तळव्यांनी त्याचे डोळे झाकलेसुद्धा. अंधार झाला. तिच्या हातांना काकडीचा वास होता. कुणी तरी ग्लास त्याच्या ओठाशी आणला. त्यानं जिभेवर घोट धरला, नाकानं श्वास सोडला, आणि त्याच्या काही ध्यानात यायच्या आत जीभ बोलली, "घोडा." जावयानं टाळी वाजवली. दुसरा ग्लास. "पिवळी." तिसरा ओठाला लागला आणि घशाच्या मागं ते कडू येऊन बसलं, सावकाश, जड, जसंच्या तसं. ते बदललं नव्हतं. सहा वर्षांपूर्वीही बदललं नव्हतं. त्याला तो घोट गिळता येईना. मुलगी हसत होती, "बोल ना बाबा, आता तर एकच उरलीये!" आणि तो तोंडात बिअर धरून, मिटल्या डोळ्यांनी, तिच्या हातांच्या आड तसाच बसून राहिला.

कारण त्या बुधवारी तो हेच विचारायला गेला होता. जहाज बदललीय का. एवढ्यासाठी. नाकोबा तेव्हा बरा होऊन आला होता. दीड महिना दवाखान्यात राहून, हाडं निघालेला, पण शुद्धीवर. घरी आल्यालाही पन्नासेक दिवस झालेले. वहिनी दिवस मोजायच्या आणि मोजतो हे कुणाला कळू द्यायच्या नाहीत. तो दर आठवड्याला जाऊन बसायचा. फळं न्यायचा, खात्यातल्या गमती सांगायचा. नाकोबा गप्प असायचा. खिडकीशी खुर्ची, मांडीवर हात, दोन प्रश्नांना एक उत्तर. तिथून उठून येताना त्याला हायसं वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटायची. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. शनिवारी तो त्याच बारमध्ये एकटा बसायचा, आणि एका शनिवारी त्याच्या लक्षात आलं की जहाज आणि पिवळी त्याला सारख्याच लागतायत. त्यानं पुन्हा मागवल्या, अदलाबदल करून बघितल्या. सारख्याच. कारखान्यानं चव बदलली असेल, किंवा आपली जीभ गेली असेल. हे कुणाला विचारायचं? जगात एकच माणूस होता. हे त्यानं किती वेळा घोळवून घोळवून पाहिलंय: जिभेचं निमित्त होतं, खरं तर त्याला सोबत हवी होती. ते टेबल, ते तीन ग्लास, ते उस्ताद म्हणणं. नाकोबा शुद्धीवर राहिला तर त्याचे शनिवार कायमचे गेले होते, आणि हे त्याच्या मनात कुठं तरी, अगदी तळाशी, रुतून बसलं होतं.

त्यानं प्रयोगशाळेतल्या तीन कुप्या घेतल्या, काचेच्या झाकणांच्या. त्यात तीन बिअर भरल्या आणि फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवल्या. दुपारचे साडेतीन. वहिनी पडद्यांच्या दुकानात, मुलगा कॉलेजात, हे त्याला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ती वेळ. नाकोबानं कुप्या पाहिल्या आणि खुर्ची मागं सरकवली. "उस्ताद, नको." "अरे, प्यायला कोण सांगतंय? नुसता वास घे. कामावर घ्यायचास तसा." "नको हो. खरंच नको." "तुझ्याशिवाय कोण सांगणार मला?" हे वाक्य त्यानं जरा रडव्या सुरात म्हटलं होतं. तो सूर त्याला अजून ऐकू येतो आणि मग तो मान झटकतो. बायको विचारते, माशी बसली का. नाकोबानं डोळे मिटले. पहिलं झाकण उघडलं. बराच वेळ काहीच नाही. मग त्याच्या नाकपुड्या हलल्या. "किल्ली," तो म्हणाला. आवाज एकदम वेगळा, जुना. "उस्ताद, किल्लीचा वास आला!" दुसरी. "धुतलेलं पाणी." तिसरी. "जहाज. बदललेली नाही. काही बदललेलं नाही, तीच आहे. उस्ताद, माझं नाक परत आलं हो!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, आणि उस्तादही हसत होता, दोघं म्हातारी पोरं, एकमेकांचे हात धरून. मग नाकोबानं करंगळी कुपीत बुडवली आणि जिभेला लावली. त्यानं पाहिलं. त्याच्या अगदी समोर, हातभर अंतरावर. मनगट धरता आलं असतं. पण किती दिवसांनी तो चेहरा उजळला होता! त्यानं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. परत पाहिलं तेव्हा कुपी अर्धी झाली होती. दोन कुप्या त्यानं मोरीत ओतून विसळल्या. तिसरी नाकोबाच्या हातात होती. ती मागितली नाही. "येतो," म्हणाला. शुक्रवारी वहिनींचा फोन आला, "भावजी, सुरू झालं हो पुन्हा." त्यानंतर नाकोबा पाच महिने जगला.

आणि ह्याच्यावर कडी म्हणजे तो दिवस, ज्या दिवशी नाकोबाचं सगळं उरकून माणसं पांगली आणि वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं, भावजी. मीच घात केला." तो म्हणाला, "असं काही मनात आणू नका, वहिनी." दुःखात माणसं बोलतातच असं. पण ते ऐकून त्याच्या छातीवरचा दगड किंचित, अगदी किंचित हलका झाला होता. कुणी तरी दुसऱ्या टोकाला हात लावल्यासारखा. त्यानं विचारलं नाही, का, असं का वाटतं तुम्हाला. विचारलं असतं तर उचलून परत घ्यावा लागला असता.

त्यानं मुलीचे हात डोळ्यांवरून काढले, उठला, मोरीत जाऊन चूळ भरली आणि चपला घातल्या. बायको दारापर्यंत आली. "अरे, पण जेवण? जावई काय म्हणेल?" "नाकोबाच्या घरी जाऊन येतो," तो म्हणाला. "आत्ता?" "आत्ताच. नंतर जाणार नाही मी. मला माहीत आहे मी कसा आहे ते." बायकोनं त्याच्याकडं जरा निरखून पाहिलं आणि बाजूला झाली.

रस्त्यात त्यानं वाक्यं जुळवली. वहिनी, तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं. वहिनी, तुम्ही सकाळी जे म्हणालात ना. वहिनी, माझ्या हातून एक चूक. चूक हा शब्द बरा होता, लहान होता. दोन चौक ओलांडेपर्यंत त्यानं तो तीनदा बदलून पाहिला आणि परत तोच घेतला. इमारतीचा जिना चढताना गुडघे दुखले, आणि मधल्या पायरीवर असंही वाटून गेलं की त्या घरी नसतील. तसं असेल तर बरंच. पण शिवणयंत्राचा आवाज खालूनच येत होता. दार उघडं. खोलीभर करड्या रंगाचं कापड पसरलेलं, कुठल्या तरी कचेरीचे पडदे, आणि त्या कापडाच्या मधोमध वहिनी, चष्मा नाकाच्या टोकावर. "अगंबाई, भावजी! जावई गेले एवढ्यात? या, ते कापड सरकवा आणि बसा." तो बसला नाही. जुळवलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. "वहिनी," तो म्हणाला, "त्याला परत मी पाजली."

यंत्र थांबलं. वहिनींनी चाकावरचा हात काढला नाही. "काय म्हणालात?" मग त्यानं सांगितलं. उभ्यानंच, दाराच्या चौकटीला धरून, कुप्यांपासून करंगळीपर्यंत. मान वळवली तेही सांगितलं. तिसरी कुपी ठेवून आलो तेही. सांगताना त्याला वाटत होतं की त्या रडतील, किंवा ओरडतील, चालते व्हा म्हणतील. आणि ह्या सगळ्याची, खोटं कशाला बोला, त्यानं मनातल्या मनात तयारी केली होती, त्यात एक प्रकारची सुटकासुद्धा धरून ठेवली होती. वहिनींनी चष्मा काढला आणि विचारलं, "वार कोणता होता?"

"बुधवार."

"कोणता बुधवार? फोन शुक्रवारी केला मी तुम्हाला. त्याच्या आदल्या आठवड्यातला का त्याच आठवड्यातला?"

"त्याच. शुक्रवारच्या आधी दोन दिवस."

"दुपारी?"

"साडेतीन."

"म्हणजे सकाळनंतर," त्या म्हणाल्या. खालून कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "तुम्ही आलात तेव्हा प्यायलेले नव्हते? नीट आठवून सांगा. अगदी थोडीसुद्धा?"

"नाही, वहिनी. नको म्हणाला तो. दोनदा म्हणाला."

"दोनदा." त्यांनी मांडीवरचं कापड दोन्ही मुठींत धरलं. "त्या बुधवारी सकाळी मी त्यांना एक बोलले होते. चहा पुढं केला, तो घेतला नाही. काही विचारलं, उत्तर नाही. पन्नास दिवस असंच, भिंतीशी बोलल्यासारखं. मी म्हटलं, पीत होतात तेव्हा बरे होतात, निदान बोलत तरी होतात. असं म्हटलं आणि कामावर गेले. मुलगा आत बूट घालत होता, त्यानं ऐकलं." त्यांनी मुठींतलं कापड सोडलं. "संध्याकाळी येऊन बघते तर तोंडाला वास. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं गेले उठून. मी घराबाहेर पडले आणि हे दारूच्या दुकानात गेले. सहा वर्षं, भावजी. रोज. ह्या यंत्रावर बसलं की तेच. आणि माझा मुलगा! तो मला आई म्हणतो, फोन करतो, औषधं घेतलीस का विचारतो. पण त्या दिवसांत एकदा बोलून गेला, तूच म्हणालीस ना बाबांना, पी म्हणून. परत कधी काढलं नाही त्यानं. काढायची गरजच नव्हती."

"वहिनी, मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलं कुठं? मी तुमच्याजवळ बोलले होते. उंबऱ्यात बसून. मीच घात केला म्हणाले, तुम्ही म्हणालात असं मनात आणू नका." आता त्यांचा आवाज चढला, पण फार नाही, कापड फाडायच्या आधी त्याला लहानशी चीर द्यावी तेवढाच. "ते पाजलंत ते एक वेळ मी समजून घेईन. तुम्हालाही त्यांच्याशिवाय करमत नव्हतं, मलाही नव्हतं. पण हे? मी तुम्हाला फराळाला बोलवावं तसं दर वर्षी त्यांच्या श्राद्धाच्या दिवशी जेवायला बोलवत होते आणि तुम्ही येत होतात. समोर बसून जेवत होतात. आज दुकानात मी तुमचे आभार मानले!"

त्याला काही तरी म्हणायचं होतं. माफ करा, असलं काही. पण तो शब्द तोंडात आला आणि गिळता येईना, थुंकता येईना, तसाच राहिला. वहिनी उठल्या. कापडाच्या ढिगाखाली हात घालून त्यांनी फोन शोधला, लांब धरून नंबर लावला आणि तो फोन त्याच्यापुढं केला. "घ्या. आज सुट्टी आहे त्याला, घरीच असेल."

"आत्ता? मी उद्या नीट, पत्र लिहून..."

"आत्ता. माझ्यासमोर."

फोन त्याच्या हातात गरम लागला. पलीकडं घंटी वाजत होती. त्याला तो मुलगा आठवला, एकोणीस वर्षांचा, बापाच्या उशाशी उभा असलेला, तोंडातून चकार शब्द न काढणारा. आता कुठल्या तरी शहरात नोकरी करणारा पंचविशीतला माणूस. घंटी थांबली. "हां आई, बोल."

"आई नाही, मी काका बोलतोय."

"काका? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. ही काय, इथंच बसलीये." वहिनी परत खुर्चीवर बसल्या होत्या, यंत्राकडं पाठ करून, त्याच्याकडं तोंड करून. "तुला एक सांगायचंय. तुझ्या बाबांचं. ते परत प्यायला लागले ना, तो बुधवार. तुझी आई कामावर गेली होती आणि दुपारी मी सहज घरी आलो होतो..."

"सहज नाही," वहिनी म्हणाल्या.

पलीकडं मुलगा ऐकत होता, त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

"सहज नाही," तो फोनमध्ये म्हणाला. "मी त्याला बिअर द्यायला आलो होतो."